दूरदृश्य सभासंच

दूरदृश्य सभासंच : दोन किंवा अधिक ठिकाणी बसलेल्या व्यक्तिसमूहांना एकमेकांस पाहता व ऐकता यावे आणि एकाच दालनात बसल्याप्रमाणे सभा चालविता यावी, यासाठी कार्यालयात बसविण्यात येणारा साधनसमुच्चय. व्यवहारात त्यास ‘व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा संच’ म्हणतात. महाराष्ट्राच्या शासकीय भाषेत ‘दूरदृश्य प्रणाली’ ही संज्ञा रूढ आहे. एका व्यक्तीने आपल्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर वापरावयाच्या साधनाहून हा सामूहिक संच भिन्न असतो. एकाच कॅमेऱ्याने पाच-पंधरा माणसांची बैठक टिपावयाची, मेजावर किंवा छताशी बसविलेल्या ध्वनिग्राहकांनी प्रत्येकाचे बोलणे उचलावयाचे आणि दूरच्या ठिकाणाहून आलेला आवाज त्याच दालनातील ध्वनिक्षेपकातून सर्वांना ऐकवावयाचा, अशी तिहेरी कामगिरी त्याला पार पाडावी लागते. चित्र व ध्वनी यांचे संकेतांत रूपांतर करणारे आणि आलेल्या संकेतांपासून ते पुन्हा सिद्ध करणारे कोडेक हे उपकरण म्हणजे या संचाचा गाभा होय.

अशा संचाची पारख बहुधा पडद्यावरील चित्राच्या स्पष्टतेवरून केली जाते. तथापि या साधनाचा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास पाहता खरा प्रश्न निराळाच असल्याचे दिसून येते. तो म्हणजे दूरच्या टोकाला बसलेली व्यक्ती सभेत खऱ्या अर्थाने उपस्थित ठरते की नाही, हा होय. मुंबईच्या मंत्रालयातून सभा घेणाऱ्या अधिकाऱ्यास जो संच निर्दोष वाटतो, तोच संच तेथून ९०० किमी.हून अधिक अंतरावरील साकोलीसारख्या ठिकाणी अपुरा पडू शकतो. भंडारा जिल्ह्यातील साकोली हे नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्गावरील तालुक्याचे ठिकाण असून तेथे उपविभागीय अधिकाऱ्याचे कार्यालय, तहसील कार्यालय, पंचायत समिती, न्यायालय व उपजिल्हा रुग्णालय आहे. आदेश, अहवाल, साक्षी व तक्रारी या सर्वांची ये-जा जेथे होते, असे हे प्रातिनिधिक गाव असल्यामुळे प्रस्तुत नोंदीत मूल्यमापनाच्या कसोट्या त्याच्या संदर्भात मांडल्या आहेत.

पूर्वेतिहास : आवाजाबरोबर चित्रही तारेने पाठविण्याची कल्पना दूरध्वनीइतकीच जुनी आहे. तिचे पहिले महत्त्वाचे प्रात्यक्षिक ७ एप्रिल १९२७ रोजी अमेरिकेत बेल प्रयोगशाळांनी केले. वॉशिंग्टन येथून तत्कालीन वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूव्हर बोलले आणि न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीचे अध्यक्ष वॉल्टर गिफर्ड यांनी त्यांना पाहिले व ऐकले. चित्र केवळ ५० रेषांचे होते. विशेष म्हणजे आवाज दोन्ही दिशांनी जात होता, तर चित्र मात्र एकाच दिशेने येत होते. न्यूयॉर्कमधील लोक हूव्हर यांना पाहू शकत होते. हूव्हर यांना न्यूयॉर्कमधील कोणीही दिसत नव्हते. दोन्ही बाजूंनी चित्र दाखविणारी व्यवस्था त्याच प्रयोगशाळांनी १९३० मध्ये न्यूयॉर्क शहरातील दोन इमारतींदरम्यान उभारली.

सर्वसामान्य नागरिकांसाठी अशी सेवा प्रथम जर्मनीत सुरू झाली. तेथील टपाल खात्याने १ मार्च १९३६ रोजी बर्लिन व लाइपसिक या शहरांदरम्यान समाक्ष केबलीने जोडलेली चित्र-दूरध्वनी केंद्रे उघडली. ग्राहकाने केंद्रात जाऊन ठराविक कक्षात बसावयाचे व दुसऱ्या शहरातील केंद्रात बोलावलेल्या व्यक्तीशी बोलावयाचे, अशी पद्धत होती. पुढे ही सेवा न्यूरेंबर्ग व म्यूनिकपर्यंत वाढविण्यात आली. परंतु दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये ती बंद पडली.

अमेरिकन कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ‘पिक्चरफोन’ मांडला व १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात त्याची व्यापारी सेवा सुरू केली. दरमहा १६० डॉलर एवढे भाडे आणि समोरच्या ग्राहकाकडेही तसेच यंत्र असण्याची आवश्यकता, यांमुळे तिला ग्राहक मिळाले नाहीत. ज्या साधनाची उपयुक्तता ते वापरणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते, ते पहिल्या ग्राहकाच्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक असते, हा धडा या अपयशातून मिळाला.

सामूहिक संचाचा खरा पूर्वज ब्रिटिश टपाल खात्याची ‘कॉन्फ्राव्हिजन’ ही सेवा होय. १९७१ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत लंडन, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल, ग्लासगो व मँचेस्टर येथील खास दालने दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी जोडली होती [⟶ दूरचित्रवाणी]. व्यवसायसंस्थेने दालन ठराविक वेळेसाठी भाड्याने घ्यावे व तेथे जाऊन बैठक भरवावी, अशी योजना होती. प्रवास वाचविण्यासाठी पुन्हा प्रवास करून दालनात जावे लागे; त्यामुळे तिचा प्रसार मर्यादितच राहिला.

याच काळात या साधनाच्या उपयुक्ततेचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अल्फॉन्स चॅपॅनिस यांनी केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, दोघांनी मिळून एखादी समस्या सोडविताना लेखनाऐवजी बोलणे उपलब्ध झाले, तर वेळेत मोठी बचत होते. मात्र बोलण्याला चित्राची जोड दिल्याने तीत फारशी भर पडत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील जॉन शॉर्ट, एडरिन विल्यम्स व ब्रूस क्रिस्टी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘सामाजिक उपस्थिती’ ही संकल्पना मांडली. माहितीची देवघेव किंवा नेहमीचे प्रश्न यांसाठी केवळ आवाज पुरतो. परंतु मतभेद, वाटाघाटी व प्रथम परिचय यांसारख्या प्रसंगी माणूस दिसणे-न-दिसणे याने फरक पडतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. संच घेण्यापूर्वी ‘कोणत्या प्रकारच्या सभेसाठी?’ हे का विचारले पाहिजे, याचे उत्तर या अभ्यासात सापडते.

अंकीय संकोचन व मानके : चित्र वाहून नेण्यास आवाजाच्या शेकडो पट क्षमतेची वाहिनी लागते, ही या साधनाच्या मार्गातील मुख्य अडचण होती. सभेसाठी पुढे प्रमाण ठरलेले ३५२ × २८८ बिंदूंचे चित्र सेकंदास ३० वेळा पाठवावयाचे झाल्यास सुमारे ३६५ लक्ष बिट प्रतिसेकंद एवढी क्षमता लागते. बिट म्हणजे द्विमान अंक, अर्थात शून्य किंवा एक. याउलट अंकीय दूरध्वनीची एक वाहिनी ६४ हजार बिट प्रतिसेकंद एवढीच असते. अशा सहा वाहिन्या एकत्र जोडल्या, तरी ३ लक्ष ८४ हजार बिट मिळतात. म्हणजे चित्र सुमारे ९५ पटींनी आकुंचित करावे लागते.

हे साध्य करणाऱ्या गणिती पद्धतींत पृथक कोज्या रूपांतरास मानाचे स्थान आहे. बंगळूर येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्या सहकार्याने ही पद्धत १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. चित्राचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकातील छटांचे बदल काही थोड्या सहगुणकांत व्यक्त करावयाचे आणि डोळ्यास न जाणवणारे सूक्ष्म बदल सोडून द्यावयाचे, हे तिचे तत्त्व होय. एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जे हलले तेवढेच पाठवावयाचे, ही दुसरी युक्ती तिच्या जोडीस आली. सभेच्या चित्रात भिंत व मेज स्थिर असतात आणि हलतात ते चेहरे व हात. त्यामुळे ही युक्ती येथे विशेष फलदायी ठरली.

१९८० च्या दशकात या तत्त्वांवर आधारलेले कोडेक बाजारात आले. अमेरिकेतील कॉम्प्रेशन लॅब्ज या कंपनीचा १९८२ मधील संच सुमारे अडीच लक्ष डॉलर किमतीचा होता. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या पिक्चरटेल या कंपनीने १९८६ मध्ये ती किंमत सुमारे ऐंशी हजार डॉलरपर्यंत खाली आणली. तथापि प्रत्येक कंपनीची संकेतनपद्धती निराळी असल्यामुळे एकीचा संच दुसरीच्या संचाशी बोलू शकत नसे. आंतरराष्ट्रीय दूरसंदेशवहन संघटनेने १९९० मध्ये एच. २६१ हे चित्रसंकेतनाचे व एच. ३२० हे संपूर्ण संचाचे मानक निश्चित केल्यावर ही अडचण दूर झाली. १९९६ मध्ये संगणकजालांसाठी एच. ३२३ हे मानक आले आणि दूरध्वनीच्या खास वाहिन्यांऐवजी सामान्य संगणकजालावरून सभा घेणे शक्य झाले. २००३ मध्ये आलेल्या एच. २६४ या मानकाने पूर्वीइतकेच चांगले चित्र जवळजवळ निम्म्या क्षमतेत बसविले.

संचाच्या रूपातही पालट झाला. प्रारंभी तो चाके लावलेल्या कपाटाएवढा असे. पॉलिकॉम या कंपनीच्या १९९८ मधील ‘व्ह्यूस्टेशन’ या संचात कॅमेरा, कोडेक व प्रतिध्वनिनिवारक हे सर्व दूरचित्रवाणी संचाच्या माथ्यावर मावेल अशा एका पेटीत आले. याच्या दुसऱ्या टोकाला २००६ मध्ये सिस्को कंपनीने तीन मोठ्या पडद्यांची, मेज व दिवे यांसह रचलेली संपूर्ण खोलीच सुमारे तीन लक्ष डॉलरांना विक्रीस आणली. पडद्यावरील माणूस खऱ्या माणसाएवढा दिसावा व मेज दोन्ही शहरांत अखंड पसरल्याचा भास व्हावा, हा तिचा हेतू होता.

भारत व महाराष्ट्र : दूरच्या खेड्यापर्यंत चित्र पोहोचविण्याचा भारतातील मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झाला. उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. खेड्याने पाहावे व ऐकावे, एवढीच त्यात सोय होती. खेड्याचे बोलणे केंद्रापर्यंत नेणारी वाहिनी नव्हती. पुढे प्रशिक्षणासाठी ‘एकमार्गी चित्र व द्विमार्गी ध्वनी’ ही मध्यम योजना अवलंबिण्यात आली. २० सप्टेंबर २००४ रोजी सोडण्यात आलेल्या एज्युसॅट या शैक्षणिक उपग्रहाच्या प्रायोगिक टप्प्यात नासिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा समावेश होता.

प्रशासनापुरते पाहता राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने १९८० च्या दशकाच्या अखेरीस उपग्रहाधारित जाळे उभारून देशातील जिल्ह्यांची मुख्यालये जोडण्यास प्रारंभ केला. आरंभी या जाळ्यावरून अक्षरे व आकडे यांचीच वाहतूक होई. चित्र वाहण्याइतकी क्षमता पुढील दशकात आली आणि जिल्हाधिकारी कार्यालयांत दूरदृश्य दालने तयार होऊ लागली. जिल्ह्याच्या खाली जाण्यासाठी केंद्र शासनाने मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी जाळ्यांची योजना मंजूर केली. राज्याची राजधानी, जिल्हे व तालुका वा गट यांना किमान २० लक्ष बिट प्रतिसेकंद क्षमतेने जोडणे, हे तिचे उद्दिष्ट होते. महाराष्ट्रात या जाळ्याने मंत्रालय, विभागीय मुख्यालये, जिल्हे व तालुके अशी उतरंड स्वीकारली. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे ‘भारतनेट’ हे नाव मिळालेल्या प्रकाशतंतू जाळ्याच्या योजनेने हीच उतरंड ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे ठरविले.

या विस्ताराचे महत्त्व पूर्व विदर्भात विशेष जाणवते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला. त्यानंतर भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर असे सात तालुके राहिले. साकोलीहून भंडारा येथील तासाभराच्या बैठकीसाठी जाऊन येण्यात अधिकाऱ्याचा निम्मा दिवस जातो, नागपूरच्या बैठकीसाठी पूर्ण दिवस आणि मुंबईच्या बैठकीसाठी दोन-तीन दिवस. त्या काळात त्याच्या दाराशी आलेला शेतकरी वाट पाहत राहतो. प्रवासखर्चातील बचतीपेक्षा ही वाट पाहणे वाचते, हा दूरदृश्य सभेचा मोठा लाभ होय.

उपस्थितीचा न्यायालयीन निकष : पडद्यावर दिसणारा माणूस उपस्थित मानावा काय, या प्रश्नाचा भारतातील मूलगामी निर्णय महाराष्ट्रातील एका खटल्यात झाला. मुंबईतील वैद्यकीय निष्काळजीपणाच्या एका फौजदारी खटल्यात न्यूयॉर्कमधील एका तज्ज्ञ डॉक्टरांची साक्ष अभियोगपक्षास हवी होती. ते भारतात येण्यास तयार नव्हते. मात्र दूरदृश्य माध्यमातून साक्ष देण्यास तयार होते. दंडाधिकाऱ्यांनी यास दिलेली अनुमती मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७३ प्रमाणे पुरावा आरोपीच्या ‘समक्ष’ घेतला पाहिजे, हा वादाचा मुद्दा होता. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल ब. देसाई’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. एन. वरियावा व बी. एन. अगरवाल यांनी १ एप्रिल २००३ रोजी उच्च न्यायालयाचा निर्णय फिरविला. समक्षता म्हणजे शारीरिक सान्निध्यच नव्हे. आरोपीस व त्याच्या वकिलास साक्षीदार दिसत असेल, ऐकू येत असेल व त्याची उलटतपासणी घेता येत असेल, तर कायद्याचा हेतू सफल होतो, असा त्याचा आशय आहे. साक्षीदाराच्या खोलीत दुसरे कोणी नाही याची खात्री करण्यासाठी तेथे जबाबदार अधिकारी हजर असावा, अशीही दक्षता न्यायालयाने सांगितली. मूळ खटल्यातील डॉक्टरांस सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दोषमुक्त केले; परंतु साक्षीविषयीचे तत्त्व कायम राहिले.

त्यानंतर या माध्यमाचा न्यायालयीन वापर वाढत गेला. २००९ च्या दुरुस्तीने आरोपीची न्यायालयीन कोठडी वाढविताना त्यास दूरदृश्य माध्यमातून हजर करण्याची मुभा मिळाली. मात्र त्याला मर्यादाही घालण्यात आल्या. ‘संथिनी विरुद्ध विजया वेंकटेश’ या प्रकरणात ९ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे ठरविले की, वैवाहिक वादातील समेटाची बोलणी दूरदृश्य माध्यमातून होऊ नयेत व ती निष्फळ ठरल्यावर दोन्ही पक्षांची संमती असेल, तरच पुढील कामास या माध्यमाची परवानगी द्यावी. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी याविरुद्ध मत नोंदविले. जेथे मतभेद व मनधरणी यांचा प्रश्न असतो तेथे सान्निध्याचे मोल अधिक, या १९७६ मधील संशोधकांच्या म्हणण्याशी बहुमताचा कल जुळतो. कोरोना विषाणूच्या साथीत ६ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील न्यायालयांसाठी दूरदृश्य कामकाजाचे निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने चौकशी व खटल्यांचे कामकाज इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालविण्यास सर्वसाधारण मान्यता दिली.

पाहता येणे, ऐकता येणे व उलट प्रश्न विचारता येणे, हे न्यायालयाच्या विवेचनातील तीन घटक कार्यालयीन संचासही तंतोतंत लागू पडतात.

मूल्यमापनाच्या कसोट्या : ध्वनी. चित्र काही क्षण गोठले तरी सभा चालू राहते. आवाज तुटला की ती थांबते. म्हणून पहिली कसोटी ध्वनीची असावी. दूरच्या आवाजाचा ध्वनिक्षेपकातून निघालेला अंश दालनातील ध्वनिग्राहकात शिरून परत गेल्यास बोलणाऱ्यास स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. तो वजा करणाऱ्या अनुकूली प्रतिध्वनिनिवारकाची कल्पना १९६० च्या दशकात बेल प्रयोगशाळांत जॉन केली व त्यांचे सहकारी, तसेच भारतीय वंशाचे अभियंते मन मोहन सोंधी यांनी विकसित केली. तिच्याविना सामूहिक संच शक्यच झाला नसता. संच तपासताना दोन्ही बाजूंच्या माणसांना एकाच वेळी बोलावयास लावावे. त्या वेळी एकाचा आवाज दबून जात असेल, तर निवारक निकृष्ट आहे असे समजावे. कारण अशा संचात वरिष्ठाचे बोलणे चालू असताना कनिष्ठाला मध्ये शब्द घालता येत नाही.

आवाजाचा कंप्रता-विस्तारही महत्त्वाचा आहे. साध्या दूरध्वनीवर सुमारे ३,४०० हर्ट्‌झच्या वरील कंप्रता कापल्या जातात; ‘स’, ‘श’ व ‘फ’ यांसारख्या वर्णांतील बराचसा भेद त्याच पट्ट्यात असतो. परिचित भाषेत ऐकणारा अशी तूट अंदाजाने भरून काढतो. साकोलीचा परिसर झाडीपट्टीत मोडतो व तेथे झाडीबोली बोलली जाते. मुंबईच्या अधिकाऱ्यास त्या बोलीचा सराव नसल्यास त्याला हा अंदाज बांधता येत नाही. म्हणून ७,००० हर्ट्‌झ किंवा त्याहून अधिक विस्तार असलेला ध्वनिसंकेतक येथे चैनीची वस्तू ठरत नाही. ध्वनिग्राहक बोलणाऱ्याच्या जवळ असणेही तितकेच आवश्यक आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यास आवाजाची पातळी ६ डेसिबेलने घटते, मात्र पंख्याची घरघर तेवढीच राहते. विदर्भातील उन्हाळ्यात पंखा किंवा शीतक बंद करून सभा घेणे अशक्यप्राय असल्याने संचाची चाचणी पंखे चालू ठेवूनच घ्यावी.

विलंब : बोललेला शब्द एका टोकाहून दुसऱ्या टोकास पोहोचण्यास ०.१५ से.पर्यंत वेळ लागल्यास संभाषण सहज वाटते, ०.४ से.पेक्षा अधिक विलंब आंतरराष्ट्रीय शिफारशींत सामान्यतः त्याज्य मानला आहे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किमी. उंचीवर असल्याने तेथून जाऊन येण्यासच संकेतास पाव सेकंद लागतो आणि कोडेकचा वेळ त्यात मिळविला जातो. परिणामी दोघे एकदमच बोलू लागतात, दोघेही थांबतात आणि अखेर वरिष्ठच बोलत राहतो. उत्तरास लागलेला हा वेळ ऐकणाऱ्यास समोरच्याचा संकोच किंवा अज्ञान भासू शकतो. म्हणून तालुक्यास प्रकाशतंतू उपलब्ध असल्यास उपग्रहमार्ग केवळ राखीव ठेवावा.

चित्र व कॅमेरा : बैठकीतील प्रत्येकाचा चेहरा ओळखू येईल इतके विवर्धन व सर्वांना सामावून घेईल इतकी रुंदी, या दोन्ही गोष्टी कॅमेऱ्यास साधाव्या लागतात, त्यासाठी तो फिरविता येणारा असावा. कॅमेरा पडद्याच्या वर बसविलेला असतो व माणूस पाहतो पडद्याकडे. त्यामुळे तो समोरच्यास खाली पाहत असल्यासारखा दिसतो. कॅमेरा व दृष्टी यांत ३० सेंमी.चे अंतर असल्यास २ मी.वर बसलेल्या माणसाची नजर सुमारे साडेआठ अंशांनी ढळलेली दिसते, तर ४ मी.वर ती निम्मीच ढळते. बैठकीची रचना थोडी मागे घेतल्याने हा दोष विनाखर्च कमी होतो. बैठकीच्या पाठीमागे खिडकी असल्यास चेहरे काळवंडतात. तेव्हा महागडा कॅमेरा घेण्यापूर्वी खिडकीस पडदा लावावा. सातबाराचा उतारा, नकाशा किंवा क्ष-किरण चित्र दाखवावयाचे असल्यास त्यासाठी स्वतंत्र दुसरा चित्रप्रवाह असावा व त्यातील अक्षरे दूरच्या टोकास वाचता येतात की नाही, हे पाहावे.

वाहिनी व वीज : विक्रेत्याने आपल्या दालनात दाखविलेले प्रात्यक्षिक उत्तम जालावरील असते. संचाची खरी परीक्षा ज्या तारेवर तो चालणार आहे त्या तारेवर व कार्यालयीन गर्दीच्या वेळी व्हावी. क्षमता अर्ध्यावर आली असता संच आधी चित्र मंद करतो की आवाज तोडतो, हे मुद्दाम पाहावे. जो चित्राचा त्याग करून आवाज राखतो तो संच चांगला. वीज गेल्यावर केवळ संचच नव्हे, तर जाल जोडणारी यंत्रेही घटमालेवर चालू राहिली पाहिजेत. अन्यथा पडदा उजळलेला व सभा मात्र संपलेली, अशी स्थिती होते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने २००५ नंतरच्या काही वर्षांत दीर्घ भारनियमन अनुभवले असल्याने ही बाब गौण लेखता येत नाही.

बहुस्थानी सभा : दोनपेक्षा अधिक ठिकाणे जोडण्यासाठी मध्यवर्ती नियंत्रक यंत्र लागते. ते बहुधा ज्याचा आवाज सर्वांत मोठा त्याचे चित्र सर्वांना दाखविते. त्यामुळे बाकीच्या ठिकाणांचे ध्वनिग्राहक बंद ठेवण्याची प्रथा पडली. महाराष्ट्रात ३५८ तालुके आहेत. सर्व तालुके जोडून प्रत्येकास केवळ एक मिनिट बोलू दिले, तरी सहा तासांस दोनच मिनिटे कमी लागतील. अशा सभेस सभा म्हणण्यापेक्षा प्रक्षेपण म्हणणे योग्य ठरेल. याउलट भंडाऱ्याहून सात तालुक्यांची सभा घेतल्यास प्रत्येकास दहा मिनिटे देऊनही ती सत्तर मिनिटांत आटोपते. यंत्र किती ठिकाणे जोडू शकते, यापेक्षा सभाध्यक्ष किती ठिकाणांचे ऐकू शकतो, हा आकडा अधिक महत्त्वाचा होय. बोलण्याची विनंती नोंदविण्याची सोय दूरच्या टोकास आहे काय व ती मध्यवर्ती ठिकाणी दिसते काय, हे म्हणूनच तपासावे.

सुसंगतता, गोपनीयता व देखभाल : संच प्रचलित मानकांचा असावा, अन्यथा उत्पादक कंपनी बंद पडल्यास किंवा विकली गेल्यास तो निरुपयोगी होतो. पिक्चरटेल कंपनी २००१ मध्ये पॉलिकॉमने घेतली व पुढे पॉलिकॉमही इतरांच्या स्वामित्वाखाली गेली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. संकेत कूटबद्ध होऊन जावेत व सभेचे मुद्रण होत असल्यास ते दोन्ही टोकांस कळावे. शेवटी, संच सुरू करण्यास एकाच कर्मचाऱ्याची गरज लागत असेल, तर त्याच्या रजेच्या दिवशी तो कुलूपबंद राहतो. कार्यालयातील कोणाही लिपिकास तो पाच मिनिटांत चालू करता आला पाहिजे.

सद्यःस्थिती : २०२० च्या टाळेबंदीनंतर संगणक व भ्रमणध्वनीवरील सभा-आज्ञावल्यांचा वापर सार्वत्रिक झाला आणि सामूहिक संचाची गरज संपली, असे काहींना वाटू लागले. प्रत्यक्षात संचाचे स्वरूप बदलले. कोडेकचे काम सामान्य संगणक करू लागला व कॅमेरा, ध्वनिग्राहक आणि ध्वनिक्षेपक यांचा एकत्रित दंड त्यास जोडला जाऊ लागला. किंमत कमालीची उतरली. परंतु एका दालनातील दहा माणसांचा आवाज स्वच्छ उचलणे, प्रतिध्वनी वजा करणे व प्रत्येकाचा चेहरा दाखविणे, या अडचणी तशाच राहिल्या. दहा जणांनी एकाच भ्रमणध्वनीभोवती दाटी करून बसल्यास त्या अधिकच वाढतात.

१९२७ मध्ये हूव्हर यांना न्यूयॉर्क दिसत नव्हते आणि १९७५ मध्ये खेड्याचे बोलणे केंद्रास ऐकू येत नव्हते. या दोन उणिवा यंत्राच्या होत्या व यंत्रानेच त्या दूर केल्या. ध्वनिग्राहक बंद करून दिवसभर केवळ ऐकविणाऱ्या सभेत मात्र त्याच उणिवा माणसाच्या सवयीमुळे परत येतात. त्यामुळे संच खरेदी करणाऱ्या समितीने त्याची चाचणी मंत्रालयाच्या किंवा जिल्ह्याच्या दालनात न घेता साकोलीसारख्या ठिकाणी, उन्हाळ्याच्या दुपारी, पंखे चालू असताना व स्थानिक बोली बोलणाऱ्या व्यक्तीस बसवून घ्यावी. तेथून विचारलेला प्रश्न मुंबईत पहिल्याच वेळी समजला आणि त्याचे उत्तर तेथील माणसाच्या मुखावर काय उमटवून गेले हे मुंबईस दिसले, तर तो संच कार्यालयास योग्य समजावा.